गडचिरोलीत हक्कांचं काम: पैसा कुठला घ्यावा?

अहेरी, धानोरा, कोरचीकडे चार-सहा जणांनी मिळून संस्था काढायची ठरवली की निधीची चर्चा रकमेवरच अडते. परदेशी पैसा मोठा, सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) सोपा, देणग्या तुटपुंज्या, एवढंच बोललं जातं. काम वनहक्काचं, कैद्यांना कायदेशीर मदतीचं, पोलीस आणि नक्षल या दोघांच्या मध्ये भरडलेल्या कुटुंबांचं असेल तर ही तुलना फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा एकच खर्च समोर ठेवा. मुलगा नागपूरच्या कारागृहात, आई भामरागडकडच्या गावात. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. तिचं एसटीचं भाडं, नागपुरातला मुक्काम आणि वकिलाची फी कुठल्या पैशातून बिनघोर निघते?

परदेशी निधीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. नव्या गटासाठी हे दार तूर्त बंदच समजा. पूर्वपरवानगीची वाट आहे, पण तिथे देणारा, रक्कम आणि काम सगळं आधी ठरलेलं लागतं. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था आपल्या निधीतला वाटा तालुक्यातल्या गटाकडे वळवू शकायची. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने ते बंद झालं आणि आपल्याकडच्या लहान गटांना खरा फटका तिथे बसला. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत खातं काढायच्या सक्तीला लोक उगाच घाबरतात, अर्ज जवळच्या शाखेतून जातो. घाबरायचं तर त्या 20 टक्क्यांना घाबरा, कारण नियमांतल्या प्रशासकीय खर्चाच्या यादीत प्रवासही आहे आणि कायदेशीर व व्यावसायिक फीसुद्धा. आईचं भाडं लाभार्थींवरचा खर्च म्हणून दाखवता येईल का, हे सीएला आधी विचारा. ऑडिटच्या वेळी विचारून उपयोग नसतो.

बंद किंवा रास्ता रोको केला म्हणून संघटनेला राजकीय ठरवून परदेशी निधी नाकारायच्या नियमाला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये आवर घातला. सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनांना हा मोठा दिलासा आहे. पण त्याच वर्षी सप्टेंबरात, बँक खाती गोठवल्यावर ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेला भारतातलं काम थांबवावं लागलं. शिवाय देणाऱ्याच्या देशातलं वारंही फिरतं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा म्यानमारपासून युक्रेनपर्यंतच्या नागरी संस्थांचे पगार थांबले. त्यात त्या संस्थांची काहीच चूक नव्हती.

सीएसआरचं गणित सरळ आहे. ठरावीक आकाराच्या कंपनीने सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, आणि कार्यक्षेत्राजवळच्या भागाला प्राधान्य द्यायचं. घेणाऱ्या संस्थेला 12ए (संस्थेला करमाफी), 80जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-1 (सीएसआर घ्यायची) नोंदणी आणि तीन वर्षांचं काम लागतं. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण, आरोग्य, उपजीविका आहे, विषमता कमी करणंही आहे, पण मानवी हक्क असा विषय नाही. कायदे साक्षरतेचं शिबिर, बॅनर, फोटो यांना पैसा मिळेल. कोर्टातल्या तारखेला मिळेल असं धरून चालू नका. सुरजागडसारख्या लोहखनिजाच्या पट्ट्यात तर प्रश्न आणखी टोकदार होतो. ज्या गावाचा जंगलावरच्या सामूहिक वनहक्काचा दावा खाणपट्ट्यावर आहे तिथे खाणीचा सीएसआर घेतला, की दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

देणग्यांचा पैसा हळू जमतो, पण वकिलाच्या फीला तो सगळ्यात मोकळा. नागपूर-वर्ध्याचे प्राध्यापक, डॉक्टर, निवृत्त शिक्षक महिन्याला तीनशे-पाचशे देतात. नव्या करप्रणालीत 80जीची सवलतच नाही, त्यामुळे करसूट मिळेल हे गाजर आता फारसं चालत नाही. कामावर विश्वास असलेलाच देतो. आपल्या भागातली खास अडचण म्हणजे "पावतीवर माझं नाव नको बाप्पा" म्हणणारा देणगीदार. त्याची भीती खरी आहे, पण नाव-पत्ता नोंदवावाच लागतो, कारण निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर 30 टक्के कर बसतो. अमेरिकेतला भाचा पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी नव्हे. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए आलाच.

ग्रामसभेच्या पैशाचा मार्ग या तीन पर्यायांच्या यादीत कुणी धरत नाही, आणि माझं मत त्याच बाजूला झुकतं. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदू (विडीचं पान) स्वतः विकू लागल्या. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण बॅग, बॅगेमागे ठरलेला दर, आणि त्यातला हिस्सा ग्रामसभेच्या खात्यात. दाव्याचा पाठपुरावा, मोजणी, हायकोर्टातली याचिका यांसाठी ठराव करून तो वापरता येतो. देणारा आणि ज्याचा हक्क तो, दोघे एकच. मर्यादा मात्र नीट पाहा. ठेकेदाराने बोली लावली नाही किंवा पैसे थकवले, तर वर्ष कोरडं जातं. पोलीस कारवाईच्या प्रकरणात अख्ख्या गावाने ठरावावर सह्या कराव्यात ही अपेक्षाही जास्त आहे. त्यातच तेंदूच्या पैशावर नक्षलींच्या खंडणीची सावली वर्षानुवर्षं राहिली आहे. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकात बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा निधी जप्त करायची तरतूद आहे. म्हणून एक रुपयाही रोखीत नको. ठराव क्रमांक, चेक, पावती, तिन्ही हवंच.

पहिल्या तीन वर्षांसाठी मी असं सुचवेन: वनहक्काचं काम ग्रामसभांच्या वर्गणीवर, आणि कैद्यांच्या घरच्यांचा प्रवास देणग्यांवर. वकिलासाठी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार ठोठवा. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, महिलेला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तो वकील तारखेला उभा राहतो की नाही यावर मात्र तुम्हालाच लक्ष ठेवावं लागेल. दरम्यान धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, 12ए आणि दरवर्षीचं ऑडिट चुकवू नका, म्हणजे चौथ्या वर्षी सीएसआर किंवा एफसीआरए घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवाल.