गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी ऑइल हीटर: दुसऱ्या हिवाळ्यातला अनुभव

नाशिकची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली येतो, निफाडला तर त्याहून खाली, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात. माझं सुतारकामाचं वर्कशॉप म्हणजे इंदिरानगरातल्या घराचं गॅरेज, पुढे शटर, वर पत्रा. नोकरीमुळे वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतरच, आणि तेव्हा पटाशी हातात धरवत नाही. त्यात पांढरा ग्लू गारठ्यात नीट धरत नाही, वाळला की जॉइंटच्या कडेला खडूच्या भुकटीसारखा पांढरा दिसतो आणि तो जॉइंट कच्चाच राहतो. म्हणून मागच्या वर्षी ११ फिनचा, म्हणजे आत तेल भरलेल्या ११ उभ्या पोकळ पट्ट्यांचा, ऑइल हीटर घेतला.

हाच का, तर भुशामुळे. रॉडवाल्या हीटरची तार लालबुंद असते, ब्लोअर भुसा आत ओढतो आणि उरलेला खोलीभर उडवतो. ऑइल हीटरमध्ये ना उघडी तार, ना पंखा. तेल सील्ड असतं, कधी भरावं लागत नाही. फिनवर भुसा बसतो तेवढा चालू करायच्या आधी ब्रशने झाडतो, नाहीतर जळका वास येतो. कोळशाची शेगडी शटर बंद करून आत घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणसाला झोप आल्यासारखं होतं आणि तो उठतच नाही.

आता महत्त्वाचं. ऑइल हीटर आहे म्हणजे थिनरचं (पॉलिश पातळ करायचा, पटकन पेट घेणारा द्रव) काम बिनधास्त, असं अजिबात नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर आपोआप चालू-बंद करणारा स्विच, टक् करून चालू-बंद होतो तेव्हा आत बारीक ठिणगी पडू शकते, आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली फरशीलगत पसरते, म्हणजे बरोबर हीटर उभा असतो तिथेच. पॉलिशच्या दिवशी मी आधी खोली गरम करून घेतो, मग हीटरचा प्लग काढून त्याला बाहेर ढकलतो, शटर अर्धं उघडतो आणि मगच डबा उघडतो. थंडी वाजते, वाजू दे.

वायरिंगमध्ये काटकसर नको. २००० वॅट म्हणजे फुलवर जवळपास ९ अँपिअर, हे साध्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवायचं नाही. वायरमनकडून १६ अँपिअरचा पॉइंट वेगळ्या एमसीबीवर (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) घेतला, सोबत आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). तरी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघतोच, कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट सैल झालंय समजा.

तक्रारी आहेत. तापायला वेळ लागतो, जेवायला बसताना चालू करावा लागतो. पहिल्याच महिन्यात एक चाक तुटलं आणि कंपनीने चाक वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले, याचा राग अजून आहे. फुलवर तासाला २ युनिट जातात, पण शटरच्या खालची फट रबरपट्टीने बंद केली आणि पत्र्याखाली जिप्समचं सीलिंग मारलं तेव्हापासून थर्मोस्टॅट बराच वेळ बंद राहतो. थर्मोकोल स्वस्त पडतं पण ते पेट घेतं, वर्कशॉपमध्ये नकोच.

उन्हाळ्यात ठेवताना उभाच ठेवा. आडवा झालाच तर उभा करून बराच वेळ तसाच राहू द्या, तेल खाली बसून एलिमेंट (आतला तापणारा रॉड) त्यात पूर्ण बुडलं की मगच स्विच दाबा.