स्पायडर-वुमनचे तीन खंड : माझ्या सातव्या महिन्यापासून लेकीच्या सातव्या महिन्यापर्यंत

'स्पायडर-वुमन' कॉमिक्सचे हे तीन खंड मी सातव्या महिन्यात घेतले. आज लेक सात महिन्यांची आहे. म्हणजे नऊ-साडेनऊ महिने ही पुस्तकं माझ्या उशाशी आहेत. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं. तेव्हा जे आवडलं होतं त्यावर नंतर चिडले, आणि जे भराभर उलटून टाकलं होतं तेच आता तोंडपाठ झालंय.

आधी पुस्तकं कोणती ते सांगते. मार्वलची 'स्पायडर-वुमन', म्हणजे जेसिका ड्रू. १९७७ पासूनची नायिका. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिची नवी मालिका सुरू झाली आणि २०१७ च्या सुरुवातीला १७ अंकांवर संपली. लेखन डेनिस होपलेसचं, सुरुवातीच्या अंकांची चित्रं हावियेर रॉड्रिगेझची. खंडांची नावं 'बेबी टॉक', 'सिव्हिल वॉर टू' आणि 'स्केअर टॅक्टिक्स'. पहिल्या अंकात पान उघडलं की जेसिका गरोदर दिसते, दिवस भरत आलेले. बाळाचा बाप कोण, याची तिच्या मित्रांनाही उत्सुकता असते. उत्तर साधं आहे: तिला मूल हवं होतं, जोडीदार नव्हता, म्हणून तिने दात्याच्या मदतीने गर्भधारणा करून घेतली. कुठलं कारस्थान नाही, शाप नाही, परग्रहावरचा राजपुत्र नाही. बाईला मूल हवं होतं, एवढंच.

"त्यात काय एवढं?" असं वाटेल. मलाही वाटलं असतं. पण कॉमिक्स मी कॉलेजपासून वाचतेय आणि या दुनियेतल्या बाळंतपणांचा इतिहास मला माहीत आहे. तो चांगला नाही.

१९८० च्या ऑक्टोबरमधला 'अ‍ॅव्हेंजर्स'चा २०० वा अंक घ्या. कॅरल डॅनव्हर्स, तेव्हाची मिस मार्वल, अचानक गरोदर राहते. कशी, कोणापासून, तिला काही ठाऊक नाही. काही दिवसांत पोट वाढतं, मूल जन्मतं, बघता बघता ते पुरुष होतं आणि सांगतं की मीच तुला माझ्या जगात नेलं होतं, यंत्रांच्या मदतीने तुझं मन वळवलं होतं. यावर तिचे सगळे सहकारी काय करतात? आनंदाने तिला त्याच्याबरोबर पाठवून देतात. अंकावर कथा-संवादांसाठी चार नावं आहेत, चारही पुरुषांची. कॅरल स्ट्रिकलँड नावाच्या वाचक बाईने त्यावर लेख लिहून याला बलात्कार म्हणतात असं स्पष्ट सांगितलं. पुढच्याच वर्षी ख्रिस क्लेअरमाँटने वार्षिकांकात मिस मार्वलला परत आणलं आणि सहकाऱ्यांना तिच्या तोंडून जाब विचारला. ती पानं मी आजही कधीतरी काढून वाचते. त्या बाईचा राग खरा आहे.

बाकीच्यांचंही फार बरं नाही. फँटास्टिक फोरमधली सू १९६८ च्या वार्षिकांकात बाळंत होते, पण गोष्ट असते ती नवऱ्याची, भावाची आणि मित्राची. ते निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्याच विश्वात जाऊन तिला वाचवणारं द्रव्य आणण्यासाठी लढतात. १९८४ मध्ये तिचं दुसरं मूल जन्माआधीच जातं. तिथेही आपल्याला ते कळतं तिच्या नवऱ्याला, रीडला, सांगितलं जातं तेव्हा. रीडचं दुःख पानावर आहे, सूचं पानाबाहेर. स्कार्लेट विचचं, म्हणजे वांडाचं, तर बोलूच नये. १९८५-८६ मध्ये बारा अंकांची सगळी मालिका तिच्या गरोदरपणावर बेतली, जुळे मुलगे झाले. तीनच वर्षांत दुसऱ्या लेखकाने ठरवलं की ती मुलं खरी नव्हतीच, एका सैतानाच्या आत्म्याचे तुकडे होते. मुलं गेली आणि वांडाच्या मनातून त्यांची आठवणही पुसली गेली. नंतर ती आठवण परत आल्यावर तिचं जे होतं त्याला वेड म्हटलं गेलं. मी आई झाल्यावर ते अंक पुन्हा वाचायला घेतले आणि मिटून ठेवले.

जेसिका जोन्सचा अपवाद मात्र मोठा. 'द पल्स' मालिकेत (२००४-०६) ती पोटुशी आहे, घाबरलेली आहे, आणि ती भीती ओळखीची आहे: शक्तिमान आई-बापांचं मूल कसं असेल, इस्पितळ आपल्याला घेईल का. लेक डॅनिएल २००६ मध्ये जन्मते. पण दोनच वर्षांत एका मोठ्या प्रसंगमालिकेत (अनेक मालिकांतून एकाच वेळी पसरणाऱ्या कथेत) स्क्रल, म्हणजे रूप बदलणारे परग्रहवासी, तिला पळवतातच. बाळ म्हटलं की ते हरवणार, पळवलं जाणार किंवा रातोरात मोठं होणार, हे जणू ठरलेलंच.

आणि खुद्द जेसिका ड्रू? २०१४ मध्ये तिच्या आदल्या मालिकेच्या पहिल्या अंकासाठी मिलो मनारा या इटालियन चित्रकाराचं एक पर्यायी मुखपृष्ठ आलं. अंगाला रंग फासल्यासारखा पोशाख आणि गच्चीवर रांगणारी ती. त्यावर केवढा गदारोळ झाला! काही महिन्यांत क्रिस अंका या चित्रकाराने तिला नवा पोशाख दिला: चेन लावायचं जाकीट, चष्मा, घरातून बाहेर पडता येईल असे कपडे. आणि दीड वर्षाच्या आत तीच बाई भरलं पोट सांभाळत मुखपृष्ठावर उभी. कॉमिक्समध्ये बाईचं शरीर बघण्यासाठी काढलं जातं, हे आपण गृहीत धरून बसलो होतो. इथे ते थकतं, अवघडतं, त्याला भूक लागते, झोप लागते. रॉड्रिगेझ पान असं रचतो की नजर एकाच चित्रातून दहा ठिकाणी फिरते, आणि त्या गर्दीतही जेसिकाची चाल बदललेली कळते. गरोदर बाई उठताना आधी हात कुठे टेकते, हे ज्याने बघितलंय त्याचं ते काम आहे.

आता वापराचं.

सातव्या महिन्यात मी पहिला खंड दोन दिवसांत संपवला. जेसिका परग्रहवासीयांच्या प्रसूतिगृहात तपासणीसाठी जाते, तिथे स्क्रल हल्ला करतात आणि ती तशा अवस्थेत लढते. मला सगळे त्या दिवसांत "उचलू नकोस, वाकू नकोस, पायऱ्या जपून" एवढंच सांगत होते. सगळं प्रेमानेच, पण माणूस म्हणून माझं काही चालेनासं झालं होतं. तेव्हा पोट घेऊन धावणारी, चिडणारी, डोकं चालवणारी बाई बघून मला बळ आलं. चौथ्या अंकात तिथेच तिचं सिझर होतं, आणि थोड्याच पानांनी ती पुन्हा लढाईत. मी टाळ्या वाजवल्या होत्या. नवऱ्याला पान दाखवलं होतं.

मग माझं सिझर झालं.

तिसऱ्या दिवशी साधा खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरावी लागली. कुशीवर वळायला आईचा हात लागायचा. दोन आठवड्यांनी तो चौथा अंक पुन्हा उघडला आणि मला रडू आलं. जेसिकाकडे शक्ती आहेत हे मला कळतं. पण सोळा पानं जिच्या पायांची सूज, जिचा दम खरा दाखवला, तिचे टाके एका क्षणात नाहीसे कसे होतात? सिझर म्हणजे सोपी सुटका, कळा न सोसता झालेलं बाळंतपण, असं मला भेटायला आलेल्या दोघी-तिघींनी तोंडावर सांगितलं होतं. ते पान त्यांच्याच बाजूने बोलत होतं. या मालिकेतली ही एक चूक मी माफ केलेली नाही.

त्यानंतरचा पाचवा अंक मी गरोदरपणी चाळून सोडला होता. त्यात लढाई जवळजवळ नाही. घर आहे, गेरी नावाचं बाळ आहे, अपुरी झोप आहे, आणि एक बाई आहे जिचा बाळावर जीव आहे तरी तिला बाहेर पडावंसं वाटतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला त्या दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं. अळीवाची खीर आली, डिंकाचे लाडू आले, टाळूवर तेल कसं घालायचं ते आईने शिकवलं, पण रात्री तीन वाजता लेकीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना "मी आता कायमची हीच का?" असं जे मनात यायचं, ते बोलायचं कोणाजवळ? पाचवा अंक मी किती वेळा वाचला ते मोजलं नाही. पुस्तक एका हातात धरवत नाही, म्हणून तेवढा एक अंक टॅबवरही घेतला. पाजताना उजेड अगदी कमी करून वाचायचे.

तिसरा टप्पा आला २६ आठवड्यांची रजा संपत आली तेव्हा. तोवर मला रॉजर दिसलाच नव्हता. रॉजर म्हणजे पॉर्क्युपाइन, साळिंदरासारखा काट्यांचा पोशाख घालणारा, पूर्वी छोटे-मोठे गुन्हे करणारा आणि आता सुधारलेला माणूस. जेसिका कामावर जाते तेव्हा गेरीला तो सांभाळतो. हे मालिकेतलं सगळ्यात धाडसी पाऊल आहे असं मला आता वाटतं. लहानपणी रायगडावर हिरकणीची गोष्ट ऐकली होती. दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली आई. बुरूज बघून अंगावर काटा आला होता. पण ती रोज दूध घालायला गडावर चढायची तेव्हा तान्ह्याजवळ कोण असायचं, हे त्या गोष्टीत मी कधी विचारलं नव्हतं. आईच्या पराक्रमाच्या गोष्टीत बाळाला धरणारे हात सहसा नसतात. इथे आहेत. आमच्याकडे लेकीला सांभाळायला मावशी येऊ लागल्या त्या आठवड्यात मी दुसरा खंड पुन्हा काढला, आणि ऑफिसच्या पहिल्या दिवशी रिक्षात बसताना मला कुठल्याही लढाईपेक्षा तो काट्यांच्या पोशाखातला माणूस आठवला.

दुसऱ्या खंडात मार्वलची तेव्हाची मोठी प्रसंगमालिका घुसते आणि जेसिका आणि कॅरल डॅनव्हर्सची मैत्री तुटते. ते भांडण चांगलं लिहिलंय, पण बाकीचे दहा अंक वाचले नसतील तर अर्धं कळत नाही. तिसऱ्या खंडात रॉजर मेला असं वाटून जेसिका पेटून उठते. कथानक ओढून नेतं, तरी बाळ तिथे मागे पडतं. शेवटच्या अंकात गेरीतही शक्ती उतरल्या आहेत हे दिसतं. मला तो साधा पोरगा राहिला असता तर जास्त आवडलं असतं.

आणखी एक खटकलेलं सांगते. जेसिकाच्या आसपास बाळंतपण झालेली, दोन गोष्टी सांगणारी बाई जवळजवळ नाही. मैत्रिणी आहेत, चांगल्या आहेत, पण त्यांतली कोणी या वाटेने गेलेली नाही. माझ्या आईने, आत्याने जे शब्द दिले ते तिला कोणी देत नाही.

पुढे दुसऱ्या लेखकांच्या हातात गेरी आजारी पडतो, आणि २०२३ च्या मालिकेत तर तो नाहीसाच होतो आणि कोणाला आठवतही नाही. वांडाचीच गत. ते अंक मी घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही. माझ्यासाठी गेरी सतराव्या अंकात आहे, आईजवळ.

माझ्या नणंदेला आता सहावा महिना आहे. गेल्या रविवारी पहिला खंड तिला देऊन आले. पाचव्या अंकावर खूण घातली आहे, आणि चौथ्याच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय : हे खोटं आहे, टाके भरायला वेळ लागतो, लागू दे.