स्टँड अस्सल, विमान बनावट

विमानांची जुनी डेस्क मॉडेल जमवणाऱ्यांनी हा अनुभव जरूर वाचावा, कारण ज्या विक्रेत्याने मला फसवले त्याच्या जाहिरातीत धरून ठेवता येईल असे एकही खोटे वाक्य नव्हते. त्याने दिलेली छायाचित्रे त्याच वस्तूची होती, सांगितलेले वर्ष बरोबर होते, आणि ज्या पितळी पट्टीवर ते वर्ष कोरलेले होते ती पट्टीही खरोखरच जुनी होती. बनावट होते ते फक्त विमान.

या छंदाची फारशी ओळख नसलेल्यांसाठी थोडे सांगणे भाग आहे. ही मॉडेल खेळणी म्हणून विकली गेलेली नाहीत. विमान वाहतूक कंपन्या ती तिकीट कार्यालयांच्या आणि प्रवासी एजंटांच्या काउंटरवर ठेवण्यासाठी करवून घेत, तर विमाने बांधणारे कारखाने ती लष्करी अधिकारी, वैमानिक आणि आपल्याच अभियंत्यांना भेट म्हणून देत. सुरुवातीला ती लाकडात कोरली जात किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतली जात. पुढे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथील टॉपिंग यांच्यासारख्या उत्पादकांनी ती प्लॅस्टिकमध्ये आणली. त्या काळी वापरात असलेले सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे प्लॅस्टिक वयाबरोबर आक्रसते, वाकते, आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागले की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पंख लोंबकळू लागलेले किंवा शेपूट पिळवटलेले विमान शेवटी कोणीतरी टाकून देतो. त्याखालचा धातूचा स्टँड मात्र शाबूत राहतो आणि वजनदार, देखणा असल्यामुळे सहसा फेकलाही जात नाही. त्यामुळे विमानाविना उरलेले अस्सल स्टँड मिळणे तितकेसे कठीण नाही, पण त्यांवर बसवायला धडधाकट विमान मिळणे फार दुर्मीळ आहे. मी ज्या फसवणुकीबद्दल लिहीत आहे तिचे सगळे अर्थकारण या तफावतीवर उभे आहे.

मला देऊ केलेले मॉडेल कॉनव्हेअर एफ-१०२ या अमेरिकी लढाऊ विमानाचे होते. त्रिकोणी पंख, टोकदार नाक, शेपटीवर उंच उभा पंख, आणि खाली क्रोमचा मुलामा दिलेला दांडा असलेला गोल स्टँड. स्टँडच्या पुढच्या बाजूला पितळी पट्टी होती. तिच्यावर एका व्यक्तीचे नाव, ‘कृतज्ञतापूर्वक’ अशा अर्थाचे दोन शब्द आणि १९५३ हे वर्ष कोरलेले होते. विमानाचे नाव पट्टीवर कोठेही नव्हते. जाहिरातीचा मजकूर आठवणीवर विसंबून नव्हे, तर जपून ठेवलेल्या प्रतीवरून देतो: “एका निवृत्त अभियंत्याच्या वारशातून आलेली वस्तू. १९५३ ची कोरीव पट्टी. तळाचे फेल्ट मूळचे. जशी आहे तशी विक्रीस.” किंमत अस्सल नगाला साधारण पडते तिच्यापेक्षा किंचितच कमी ठेवलेली होती. हे मुद्दाम नमूद करतो, कारण “भाव फारच कमी असेल तर सावध व्हा” हा नेहमीचा सल्ला अशा माणसापुढे कुचकामी ठरतो. त्याला स्वस्तात माल खपवायचा नव्हताच.

मी अधिक छायाचित्रे मागितली आणि ती तत्परतेने आली. तळाच्या हिरव्या फेल्टचा झिजलेला काठ, क्रोमखाली दाण्यादाण्यांनी उठलेला गंज, पट्टीच्या अक्षरांत साचलेली वर्षानुवर्षांच्या पॉलिशची पांढरट पुटे, असे सगळे अगदी जवळून टिपलेले होते. वयाचा जो जो पुरावा मागावा तो हजर होता, आणि पुढे लक्षात आले की तो प्रत्येक पुरावा स्टँडचा होता. विमानाची छायाचित्रे मात्र जरा दुरून आणि मऊ उजेडात घेतलेली होती. अभियंत्याच्या नावे आलेल्या एका पत्राचेही छायाचित्र त्याने पाठवले. मूळ पत्र म्हणे कुटुंबीयांनी आठवण म्हणून ठेवून घेतले होते.

पैसे कसे पाठवायचे याबाबत तो आग्रही होता. ओळखीच्या माणसाला किंवा नातलगाला रक्कम देण्यासाठी जो पर्याय असतो, तोच वापरावा, म्हणजे शुल्क वाचेल, असे त्याचे म्हणणे. त्या पर्यायाला खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही, हे त्याला पुरते ठाऊक असणार. शुल्काची ती क्षुल्लक बचत म्हणजे त्याच्या दृष्टीने तक्रारीचे दार आधीच बंद करून घेणे होते.

खोके उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वासाची, म्हणजे नेमके सांगायचे तर आंबूस वास नसण्याची. सत्तर वर्षांच्या जवळ आलेल्या प्रत्येक अ‍ॅसिटेट मॉडेलला व्हिनेगरचा दर्प असतोच असे नाही, त्यामुळे एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. पण येथे त्याच्या जागी ताज्या लॅकरचा गोडसर वास होता. हातात घेतल्यावर वजन खटकले. अस्सल नगाचे धड दोन पोकळ अर्धुके चिकटवून केलेले असते, आणि हे विमान भरीव होते. पंख तर इतके सरळ की कडेला पट्टी टेकवली असती तरी फट दिसली नसती.

खरी उकल स्टँडच्या दांड्यावरून विमान उचलल्यावर झाली. पोटाला जे भोक असते त्याच्या कडा नव्या ड्रिलने पाडल्यासारख्या धारदार होत्या, आणि आत बोट फिरवताच बारीक पांढरी भुकटी बोटाला लागली. दांड्याचे टोक निमुळते होते आणि भोक सरळसोट, त्यामुळे विमान थोडे डुगडुगत होते आणि ते डुगडुगणे थांबवण्यासाठी आत कागदाची घडी कोंबलेली होती. त्याशिवाय दांड्याचा कल आणि विमानाचा तोल जुळत नव्हता. नाक गरजेपेक्षा जास्त वर जात होते. तो दांडा कोणत्यातरी दुसऱ्याच, बहुधा अधिक लांब विमानासाठी घडवलेला होता. भिंगाखाली भोकाच्या भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे दिसले. साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेन रेझिनची ही खूण आहे. दाबाखाली साच्यात भरलेल्या जुन्या प्लॅस्टिकमध्ये ते असे आढळत नाहीत.

त्यानंतर पंखावरचे अमेरिकी वायुदलाचे चिन्ह तपासले. पांढरा तारा, निळे वर्तुळ, दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि त्यांतून जाणारी लाल रेघ. ही लाल रेघ १९४७ पासून आली, तेव्हा त्या हिशोबाने चिन्ह बरोबर होते. पण जुनी डेकल, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायची छापील चिन्हे, स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली असत आणि त्यांतला निळा रंग एकसंध असे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली या चिन्हाचा निळा रंग विस्कटला आणि त्याचे फिकट निळे, जांभळे व काळे ठिपके झाले. ते चिन्ह संगणकाच्या प्रिंटरवर निघालेले होते. तोच न्याय पत्राला लावला. टंकलेखन यंत्रावर एकच अक्षर दर वेळी तंतोतंत सारखे उमटत नाही; कधी शाई कमी, कधी खिळा किंचित खाली. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर पत्रातला प्रत्येक ‘ई’ एकाच जागी तुटलेला आणि एकाच प्रमाणात काळा होता.

आता वर्षाकडे येतो, कारण या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा तोच आहे आणि त्यासाठी भिंगाचीही गरज नाही. एफ-१०२ चा पहिला नमुना, वायएफ-१०२, ऑक्टोबर १९५३ मध्ये उडाला आणि सरळ पातळीवर उडताना त्याला ध्वनीचा वेग ओलांडता येईना. अमेरिकेच्या ‘नाका’ (NACA) या विमानविद्येच्या संशोधन संस्थेतील रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी मांडलेल्या क्षेत्रफळाच्या नियमानुसार मग त्याचे धड नव्याने आखण्यात आले: पंख जेथे जोडले जातात तेथे धड आत दाबून त्याला बारीक कंबर दिली गेली. हा बदललेला वायएफ-१०२ए डिसेंबर १९५४ मध्ये उडाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला. तो नियम १९५५ पर्यंत जाहीरही झालेला नव्हता. माझ्याकडे आलेल्या मॉडेलला ही कंबर अगदी ठसठशीत होती. गुप्त ठेवलेल्या आकाराचे विमान १९५३ सालच्या पट्टीवर बसवून कोणता कारखाना कोणाच्या टेबलावर ठेवायला देईल? पट्टी खरी, वर्ष खरे. फक्त त्या पट्टीचे विमान दुसरेच होते.

विक्रेत्याला हे सगळे मुद्दे छायाचित्रांसह कळवले. त्याचे उत्तर शांत आणि मला वाटते आधीपासून तयार असलेले होते. १९५३ हे वर्ष आपण पट्टीचे सांगितले होते, फेल्ट मूळचे असल्याचे म्हटले होते ते स्टँडचे, विमान मूळचे आहे असे आपण कोठेही लिहिलेले नाही, आणि वस्तू ‘जशी आहे तशी’ विकली होती. जाहिरात पुन्हा वाचली आणि खरोखरच त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर निघाले. एवढी मखलाशी करून हा माणूस नामानिराळा राहिला. पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्यांनी आपल्या नियमांवर बोट ठेवले, आणि ज्या ठिकाणी ती जाहिरात होती तेथून ती तोपर्यंत काढून टाकलेली होती.

यावर काही जण म्हणतील की रेझिनमध्ये ओतलेल्या प्रतिकृतीत वाईट काय आहे. काहीच नाही. फिलिपिन्समध्ये महोगनीत कोरलेली विमाने अमेरिकी सैनिकांनी पिढ्यान् पिढ्या विकत घेतली आणि त्यांना कोणी कारखान्याची भेट म्हणत नाही. नवी प्रतिकृती नवी म्हणून विकली तर ती माझ्याही कपाटात आनंदाने बसेल. आक्षेप आहे तो दोन वस्तूंचे लग्न लावून एकीचे वय दुसरीच्या नावावर चढवण्याला.

अशा व्यवहारात पुढे जे मागायचे ते मी ठरवून टाकले आहे, आणि तुम्हीही मागावे असे सुचवतो. विमान स्टँडवरून उतरवून त्याच्या पोटातल्या भोकाचे आणि दांड्याच्या टोकाचे स्वतंत्र, जवळून घेतलेले छायाचित्र मागावे. खरा विक्रेता फार तर कुरकुर करील, पण पाठवील. “विमान आणि स्टँड हे दोन्ही मूळचे आणि एकमेकांचेच आहेत का” असा थेट प्रश्न लेखी विचारावा आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडचे उत्तर आले तर तेथेच थांबावे. विमानाचे वजन विचारावे. लांबीरुंदीवर मात्र फार भिस्त ठेवू नये: साच्यातून काढलेली प्रत मुळापेक्षा किंचित लहान निघते हे खरे असले तरी जुने अ‍ॅसिटेटही आपोआप आक्रसते, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरच्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. अ‍ॅसिटोन लावून पाहण्याचा सल्लाही दिला जातो, कारण सेल्युलोज अ‍ॅसिटेट त्यात विरघळते आणि कडक झालेले पॉलियुरेथेन विरघळत नाही. पण ती चाचणी फक्त स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर, भोकाच्या आतल्या भागात, कापसाच्या काडीच्या टोकाने करावी. दुसऱ्याच्या मॉडेलवर ती केली तर अस्सल नगच बिघडेल.

साच्यातून काढलेल्या प्रतींची एक अडचण अशी की मूळ विमानावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो आणि तेथून प्रत्येक प्रतीत जातो. माझ्या नगाच्या उजव्या पंखाच्या मागच्या कडेला, टोकापासून साधारण तर्जनीच्या एका पेराएवढ्या अंतरावर, अर्धचंद्राकृती टवका आहे. पूर्वी तो मला वयाचा दाखला वाटला होता. आता पाहिले तर त्याच्या कडा गोलसर आहेत आणि आतपर्यंत रंग पोहोचलेला आहे, म्हणजे टवका आधी आणि रंग नंतर. काही काळाने दुसऱ्या नावाने विक्रीस आलेल्या एका एफ-१०२ च्या छायाचित्रात तोच टवका त्याच जागी दिसला. स्टँड वेगळा होता, पट्टीवरचे नाव वेगळे होते आणि वर्ष १९५१ होते, म्हणजे या विमानाचा पहिला नमुना उडण्याच्याही आधीचे.

तेव्हा ज्यांना कॉनव्हेअर एफ-१०२ चे डेस्क मॉडेल देऊ केले जाईल त्यांनी उजव्या पंखाच्या त्या मागच्या कडेचे छायाचित्र सर्वांत आधी मागावे. टवक्याशिवाय नाकाखाली, डाव्या बाजूला, एकमेकांना समांतर असे दोन बारीक ओरखडे आहेत, त्यांतला पुढचा आखूड आहे. विक्रेत्याने ते भरून काढले असतील तरी तेथील पृष्ठभाग तिरप्या उजेडात किंचित उंचवट्यासारखा दिसतो.