‘मालकाचे पाहुणे आहोत म्हणा’ : छोट्या विमानाच्या सहलीत आमची झालेली फसवणूक

मुंबई ते चिपी, म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. सहा माणसं, विमान फक्त आपलं, सगळं मिळून दोन लाख चाळीस हजार. अशी ऑफर व्हॉट्सॲपवर आली असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे एक लाख नव्वद हजार त्यात अडकले आहेत.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही भावंडांनी वर्गणी काढली होती. गाव मालवणजवळ. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गाडीत फार वेळ बसवत नाही आणि मुंबई-गोवा महामार्गाचं रडगाणं नव्याने गायला नको. चिपीचं नेहमीचं विमान कधी चालू तर कधी बंद. दादाच्या ओळखीतून एका ‘एव्हिएशन कन्सल्टंट’चा नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला ‘सर’. त्याने तासाभरात चकचकीत कोटेशन पाठवलं. वर किंग एअर या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचा फोटो, आत पांढऱ्या लेदरच्या खुर्च्या, खाली टर्म्स अँड कंडिशन्स, जीएसटी क्रमांक, गोल शिक्का.

भाव इतका कमी कसा, हे आम्ही विचारलं. उत्तर तयार होतं : ‘एम्प्टी लेग आहे सर.’

हा शब्द खोटा नाही, म्हणूनच चालतो. कुणी शेठ चार्टर करून गोव्याला उतरतो आणि विमान रिकामं परत येतं. ती रिकामी फेरी कंपनी स्वस्तात विकते. पण त्या फेरीचा दिवस, वेळ, दिशा सगळं त्या शेठच्या मर्जीवर. त्याने बेत बदलला की आपली फेरीही गेली. आपल्या सोयीच्या शनिवारी जाणारी आणि आपल्याच सोयीच्या रविवारी परत आणणारी एम्प्टी लेग जोडीने मिळणं म्हणजे लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण आपल्या वाढदिवसाला, आपल्या आवडीच्या मेनूसह मिळण्यासारखं आहे.

खरा हिशेब कसा लागतो ते नंतर या क्षेत्रातल्या एका नातेवाइकाने कागदावर मांडून दाखवला. दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉपचा, म्हणजे पंख्याच्या विमानाचा, दर तासाला लाखाच्या पुढेच. तास मोजतात ते विमान आपल्या तळावरून निघून पुन्हा तळावर येईपर्यंतचे, मधल्या रिकाम्या फेऱ्यांसकट. विमान आपल्यासाठी थांबवून ठेवलं तर दिवसाला साधारण दोन तासांचं किमान बिल लागतं. म्हणजे दोन दिवसांचे चार तास, चार लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, बहात्तर हजार. लँडिंग, पार्किंग, हँडलिंग (विमानतळावरची सेवा), वैमानिकांचा मुक्काम वेगळा. पावणेपाच लाखांच्या आत हे बसतच नाही. अडीच लाखांत देतो म्हणणारा एक तर विमान देणार नसतो, नाहीतर भलतंच काहीतरी देणार असतो. आमच्या वाट्याला दुसरा प्रकार आला.

आधी एक लाख वीस हजार ॲडव्हान्स. मग पंचेचाळीस हजार ‘स्लॉट आणि हँडलिंग’चे, कारण मुंबई एअरपोर्ट आधी पैसे भरल्याशिवाय वेळ देत नाही म्हणे. मग पंचवीस हजार ‘क्रू हॉल्ट’, म्हणजे वैमानिकांच्या मुक्कामाचे. पैसे कंपनीच्या खात्यात नाहीत, एका व्यक्तीच्या नावावर. ‘करंट अकाउंटची आजची लिमिट संपली आहे सर.’ बिल मागितलं की ‘फ्लाइट झाल्यावर फायनल इन्व्हॉइस एकदमच देतो.’

तोवर पुतण्याने कोटेशनमधला फोटो मोठा करून पाहिला होता. शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक ‘एन’ने सुरू होत होता. भारतात नोंदलेल्या विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो, ‘एन’ म्हणजे अमेरिका. दादाने फोन लावला. ‘तो रेप्रेझेंटेटिव्ह फोटो आहे सर, मारुतीच्या जाहिरातीत तरी तुमचीच गाडी असते का?’ दादा हसला. असल्या माणसाचं भांडवल हेच, समोरच्याला हसवतो आणि प्रश्न तिथेच राहतो.

शुक्रवारी संध्याकाळी, बॅगा भरून झाल्यावर, त्याचा व्हॉइस मेसेज आला. मुंबईचा स्लॉट, म्हणजे उड्डाणाची ठरलेली वेळ, रद्द झाला आहे. विमान बदललं आहे, आता एक इंजिनाचं, जागा चार. दोन माणसं ‘ॲडजस्ट’ करा. उड्डाण मुंबईहून नाही, गाडीने तीनेक तासांवर असलेल्या एका धावपट्टीवरून. आणि शेवटी, अगदी सहज : ‘तिथे कुणी विचारलं तर पैशांचा विषय काढू नका. मालकाचे पाहुणे आहोत म्हणा.’

खरी मेख इथे होती. भारतात पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर विमान कंपनीकडे डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, परमिट लागतं. नेहमीच्या वेळापत्रकाच्या विमानांचं वेगळं, चार्टरवाल्यांचं वेगळं. त्याला नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट म्हणतात. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान मालकाने स्वतः, घरच्यांनी, पाहुण्यांनी वापरायचं. त्यात भाडं घेऊन माणसं बसवता येत नाहीत. ही बंदी नुसती कागदी नाही. परमिटवाल्या कंपनीच्या वैमानिकांचे उड्डाणाचे तास, विश्रांती, तपासण्या, विमानाची देखभाल या सगळ्यावर जास्त कडक नियम असतात. आणि पाहुणे म्हणून बसलेल्या, पण प्रत्यक्षात भाडं दिलेल्या माणसांचं काही बरंवाईट झालं तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. त्यातून नव्या वेळापत्रकात रविवारी संध्याकाळी सात वाजता परत उतरायचं होतं. दिवे नसलेल्या लहान धावपट्टीवर सूर्यास्तानंतर उतरता येत नाही, हे त्याला माहीत नसणं शक्य नाही.

बाबा फोनवर गावाकडे सांगत बसले होते, ‘उद्या इमानान येतंव.’ आम्ही नाही म्हणून कळवलं. त्यावर दहा मिनिटांत ईमेल आला, वकिली थाटाचा : प्रवास ग्राहकाने रद्द केला आहे, चोवीस तासांच्या आतील रद्दीकरणास परतावा शून्य, कलम अमुक. म्हणजे आपण नाही म्हणावं अशीच अट शेवटच्या रात्री पुढे करायची आणि रद्द केल्याचं खापर आपल्या माथी फोडायचं. घरात म्हातारी माणसं नटूनथटून बसलेली असतात, गावाकडे नारळ-हार आणून ठेवलेले असतात. अशा वेळी काही कुटुंबं गप्प बसून जात असतील, याची मला खात्री आहे.

शनिवारी सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही. तक्रार गेली तेव्हा खात्यात अडतीस हजार उरले होते, ते बँकेने गोठवले. बाकीचे दुसऱ्या खात्यांत सरकलेले. ते गोठवलेले पैसे सोडवायची प्रक्रियाही वेगळीच, ती चालू आहे. पोलीस ठाण्यात साहेबांचं पहिलं वाक्य : ‘विमान तर देत होता ना तो? मग हा दिवाणी वाद.’ तिथे तो व्हॉइस मेसेज कामी आला. तो ऐकवल्यावर अर्ज घेतला. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर मंडप-सजावटीच्या फर्मचं नाव निघालं. हे शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि पैसे लागत नाहीत.

चार्टर घ्यायचंच असेल तर दलालाकडे विमानाचा ‘व्हीटी’ क्रमांक लेखी मागा. परमिटधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. कंपनीचं नाव तिथे बघा, तिच्या ऑफिसला स्वतः फोन करून हे विमान तुमच्या परमिटवर आहे का आणि अमुक दिवशी आमच्या नावाने बुकिंग आहे का, ते विचारा. पैसे त्याच कंपनीच्या खात्यात, बिल घेऊन. मुंबईत गर्दीच्या वेळी खासगी विमानांवर बंधनं आहेत, तेव्हा सकाळी नऊचं उड्डाण कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर स्लॉटचा कागद दाखव म्हणावं. केदारनाथला जाणाऱ्यांनीही सांभाळा, तिथल्या शटल हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात; खोट्या संकेतस्थळांनी तिथे कित्येकांना लुबाडलं आहे.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि ती ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून करता येते, वकील लागतोच असं नाही. त्या कन्सल्टंटच्या पत्त्यावर गेलेली नोटीस ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. आता ती ईमेल आणि व्हॉट्सॲपवर बजावू द्यावी म्हणून अर्ज दिला आहे.