डब्यावर १०५० टीआय, आत २०११चं कार्ड

जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकायचा विचार असेल आणि एखादा स्वस्तातला सौदा नजरेत भरला असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’ म्हणून मला भलतंच कार्ड विकलं गेलं.

हेच मॉडेल शोधायला कारण होतं. माझा पॉवर सप्लाय लहान आहे, ग्राफिक्स कार्डासाठी त्याला वेगळी केबलच नाही. कार्ड ज्यात बसतं तो मदरबोर्डचा पीसीआयई स्लॉट त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो आणि साध्या १०५० टीआयचं तेवढ्यात भागतं. विक्रेत्याला आधी विचारलं, तेव्हा ‘वेगळी पॉवर लागत नाही’ असं त्याने लेखी कळवलं.

पार्सल उघडलं तर कार्डाच्या कडेला वेगळ्या पॉवर केबलचं ६ पिनचं सॉकेट! वर बॉक्समध्ये साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या पॉवर केबलवरून कार्डाला वीज देणारा कन्व्हर्टर. असा कन्व्हर्टर कृपा करून वापरू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलेला असतो, ६ पिनमधून कार्ड ७५ पर्यंत ओढू शकतं. त्यात या केबली वितळू शकतात.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: ‘हे ओव्हरक्लॉक मॉडेल आहे’, म्हणजे कारखान्यातच वेग वाढवलेलं. काही अस्सल १०५० टीआयना खरंच ६ पिन असते, म्हणून नुसत्या सॉकेटवरून ठरवता येत नाही. पण मागे जुन्या मॉनिटरसाठीचं, अ‍ॅनालॉग सिग्नलचं निळं व्हीजीए पोर्टही होतं. १०५० टीआयची चिप अ‍ॅनालॉग सिग्नल देतच नाही. तिथेच संशय पक्का झाला.

मित्राच्या मशीनला ६ पिनची केबल आहे, तिथे लावून पाहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव अगदी बरोबर, कारण कार्डाचं बायॉस, म्हणजे त्याची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअरच बदललेलं. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर मात्र बसेना. चालायचा तो फक्त सोबतच्या सीडीवरचा. मग कार्डाची आतली माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं. नावाच्या आधी कंसात ‘फेक’. १०५० टीआयला ७६८ शेडर (चित्राची आकडेमोड करणारे चिपमधले छोटे भाग) आणि मेमरीशी जोडणारी १२८ बिटची बस असते. इथे १९२ शेडर, १९२ बिट, चिप जीएफ११६. म्हणजे २०११मधलं जीटीएक्स ५५० टीआय, भूक ११६ वॅटची. मेमरी ४ जीबी दाखवत होतं, पण १ जीबीच्या पुढे गेम गेला की स्क्रीन काळी.

सगळ्यात चीड आली ती पुढच्या प्रकाराची. गेम बंद पडतात म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, ‘तुमचा सप्लाय कमी पडतोय, माझ्याकडचा ५०० वॅटचा घ्या.’ मी लेबलचा फोटो मागवला. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच लाइनवर चालतात, त्यामुळे वरचा ठळक ५०० पाहून काहीच कळत नाही. एका खोट्या मालाच्या जोरावर दुसरा गळ्यात मारायचा डाव होता.

जीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट, पोर्टचा फोटो आणि त्याचा तो ‘वेगळी पॉवर लागत नाही’वाला मेसेज जोडून जिथून खरेदी केली तिथे तक्रार केली, तेव्हा कार्डाचे पैसे परत मिळाले. तुम्ही हे दोन फोटो खरेदीआधीच मागा: कार्डाची मागची, पोर्टची बाजू आणि चालू मशीनवरचं जीपीयू-झेड. द्यायला टाळाटाळ झाली तर तो सौदा सोडून द्या.