द झॉम्बीज: १९६७ चं ध्वनिमुद्रण की २००८ ची मैफल?

द झॉम्बीज हा साठच्या दशकातला इंग्लिश रॉक बँड. तो ऐकायला सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर ठाम आहे: 'ओडेसी अँड ओरॅकल' या अल्बमपासून. १९६७ मध्ये त्याचं बरंचसं ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झालं. पैसे जेमतेम, स्टिरिओ मिक्ससाठी (डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये आवाज वाटून केलेल्या मिश्रणासाठी) बँडमधले गीतकार रॉड आर्जंट आणि ख्रिस व्हाइट यांनी पदरमोड केली. १९६८ मध्ये अल्बम आला तोवर बँड फुटला होता, गायक कॉलिन ब्लनस्टोननं तर विमा कंपनीत नोकरी धरली. १९६९ मध्ये अल्बममधलं 'टाइम ऑफ द सीझन' हे गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं, पण ते गायला बँडच उरला नव्हता! हेडफोन लावून त्याची सुरुवात ऐका. बेसची धून, एक टाळी, लगेच सोडलेला उसासा. अगदी कानाशी कुणी श्वास सोडल्यासारखं वाटतं.

२००८ ची लंडनची मैफल वेगळी. गिटारवादक पॉल ॲटकिन्सन २००४ मध्येच गेला होता. उरलेल्या चौघांनी चाळीस वर्षांनी अख्खा अल्बम पहिल्यांदाच रंगमंचावर सादर केला. स्टुडिओत थरावर थर चढवलेले सूर उभे करायला जादा साथीदार घ्यावे लागले. ब्लनस्टोनच्या आवाजातलं कोवळेपण ओसरलंय, जोर वाढलाय. अल्बम पाठ झाला की मगच इकडे वळा. प्रत्येक ओळ तेव्हा दुप्पट भिडते.