जुन्या एसीत आर-२२ ऐवजी आर-४३८ए: गॅस चांगला, भरण्याची घाई वाईट

आर-२२ या ओझोनच्या थराला घातक असलेल्या थंडाव्याच्या गॅसवर चालणारी नवी यंत्रं देशात बनवायला २०२४ च्या अखेरीपासून बंदी आहे. २०३० पासून हा गॅस फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता, तोही मूळ वापराच्या सरासरी अडीच टक्के, २०४० पर्यंत मिळेल. मग चालू कॉम्प्रेसरचं काय करायचं? बाजारातलं एक उत्तर म्हणजे आर-४३८ए, ‘फ्रीऑन एमओ९९’ नावाने विकला जातो तो.

हा पाच घटकांचा मिश्र गॅस आहे. मुख्य भाग आर-१२५ आणि आर-१३४ए, थोडा आर-३२, आणि चिमूटभर ब्युटेन व आयसोपेंटेन. या चिमटीतच त्याचं खरं मोल आहे, कारण तिच्यामुळे कॉम्प्रेसरच्या वंगणाचं जुनं मिनरल ऑइल गॅसबरोबर फिरून परत येतं. आर-४०७सी हा दुसरा पर्यायी गॅस भरायचा तर ऑइल काढून पीओई (कृत्रिम ऑइल) घालावं लागतं. इथे ते बहुतेक वेळा टळतं. सक्शन लाइन (कॉम्प्रेसरकडे गॅस परत आणणारी नळी) लांब आणि उंच चढणारी असेल तर मात्र थोडं पीओई घालावंच लागतं. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं (डिस्चार्जचं) तापमान आर-२२ पेक्षा कमी राहतं, म्हणजे उन्हाळ्यात कॉम्प्रेसर सुखात. कूलिंग किंचित उतरतं.

तक्रारी मात्र दुसऱ्याच ठिकाणाहून येतात. सर्व्हिस व्हॉल्व्हच्या (गॅस भरण्या-काढण्याच्या तोंडाच्या) पिनवरचं इवलंसं रबर वर्षानुवर्षं आर-२२ आणि ऑइलमध्ये फुगून बसलेलं असतं. आर-२२ काढला की ते आकसतं, आणि आठवडाभरात ‘नवीन गॅस टिकत नाही’ अशी ओरड सुरू होते. दोष गॅसचा नसतो. पिन, ओ-रिंग, व्हॉल्व्हच्या टोप्यांचे वॉशर आणि फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारी गाळणी), सगळं त्याच दिवशी बदलायचं. हा खर्च बिलात दिसत नसेल तर काम अर्धवट झालंय असं समजा.

आधी जुन्या गॅसवर दाब, सुपरहीट (वायू उकळण्याच्या तापमानापेक्षा किती अंश जास्त गरम आहे ते) आणि अँपिअर लिहून ठेवायचे. मग रिकव्हरी मशीनने आर-२२ वेगळ्या सिलिंडरमध्ये काढायचा. सिलिंडर ८० टक्क्यांपुढे भरायचा नाही आणि त्यात दुसरा गॅस मिसळायचा नाही, मिसळलेला गॅस शुद्धीकरणाला कुणी घेत नाही. हवेत सोडून देणारे अजून आहेत, त्यांना काम देऊच नये. यंत्रावरच्या माहितीच्या पाटीवर दिलेल्या दाबाच्या मर्यादेत कोरड्या नायट्रोजनने गळती तपासायची, मग ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे अतिकमी दाबाचं माप) व्हॅक्युम. पंप बंद केल्यावर काटा सरसर चढला तर गळती किंवा ओलावा आहे.

चार्जिंग द्रवरूपातच. वायुरूपात काढला तर हलके घटक आधी निघतात आणि मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. सक्शनकडून भरताना व्हॉल्व्ह जेमतेम उघडायचा, नाहीतर कॉम्प्रेसरमध्ये द्रव जाईल. पाटीवर १.१ किलो आर-२२ असेल तर सुरुवात ८५ टक्के, म्हणजे ९३५ ग्रॅम. तिथून थोडं थोडं वाढवत ९५ टक्के, म्हणजे १,०४५ ग्रॅमपर्यंत. वजनकाटा हवाच. गेजवर आर-२२ चा तक्ता पाहून ‘काटा साठला आणला, झालं’ ही सवय इथे फसवते. घटक वेगवेगळ्या तापमानाला उकळत असल्याने सुपरहीट ड्यू पॉइंटवरून (जिथे शेवटचा थेंबही वायू होतो ते तापमान) आणि सबकूलिंग, म्हणजे द्रव किती जास्त थंड झालाय ते, बबल पॉइंटवरून (जिथे पहिला बुडबुडा येतो ते तापमान) काढावं लागतं.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) असलेल्या डक्टेबल किंवा पॅकेज युनिटला, कॉम्प्रेसर धडधाकट असेल तर, हा गॅस जरूर घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या दीड टनी कॅपिलरीच्या (व्हॉल्व्हऐवजी ठरावीक बारीक नळी असलेल्या) स्प्लिटला घेऊ नये, मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत कंडेन्सर कॉइल आधीच खात आलेलं असेल तर अजिबातच नाही. ओझोनला धक्का नाही, पण तापमानवाढीचा निर्देशांक २,२०० च्या वर, म्हणजे आर-२२ पेक्षाही जास्त. हेच पैसे आर-२९० (प्रोपेन) किंवा आर-३२ च्या नव्या यंत्रात घालावेत. मात्र ‘स्वस्त पर्याय’ म्हणून जुन्याच यंत्रात आर-२९० भरून देणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. प्रोपेन पेट घेतो, आणि त्या यंत्राचे रिले-स्विच त्या हिशोबाने बनवलेलेच नसतात.

काम झाल्यावर आउटडोअरवर गॅसचं नाव, ग्रॅममधलं वजन, ऑइल आणि तारीख लिहिलेलं स्टिकर लावून घ्या. ते नसेल तर पुढचा मेकॅनिक पाटी बघून वरून आर-२२ टाकेल, आणि त्या खिचडीला कुठलाच तक्ता लागू होत नाही.